तीस खांबांचा मफलर

तुळशीचं लग्न उरकलं की आमच्या ओतूरकडे थंडी विचारून येत नाही. आदल्या दिवशी माणसं उघड्या डोक्यानं ओट्यावर बसलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव कान बांधून हिंडायला लागतं. कांद्याच्या रोपांवर दहिवर पडतं, नळाखाली हात धरवत नाही, एसटी स्टँडवर चहाच्या टपरीभोवती माणसांचं कडं होतं. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला मरून रंगाच्या लोकरीच्या दोन लडी आठवतात आणि भर थंडीत तळहाताला घाम सुटतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, लेक सहावीत गेली, तरी सुटतो. खोटं कशाला बोलू.

यंदा तर त्या आठवणीनं दप्तरातूनच घरात पाऊल टाकलं. ऋतुजाला, म्हणजे माझ्या लेकीला, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला क्रोशाचा मफलर करायला सांगितलाय. सोप्यात सोपा, नवशिक्या मुलींनाही सहज जमेल असा. चौथ्या दिवशी पोरगी डोळे पुसत घरी आली. वर्गात सगळ्यांना जमलं, हिला नाही. बाईंनी शेजारी बसवून दाखवलं, हाताला धरून दाखवलं, शेवटी म्हणाल्या, तुझा हातच उलटा आहे बाई, मी काय करू. ऋतुजा डावरी आहे. तिनं दप्तरातून आपलं काम काढून माझ्या मांडीवर टाकलं. वर रुंद, खाली निमुळतं, भाकरीच्या चतकोरासारखं. मी वरची ओळ मोजली, तीस खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके. खालची मोजली, बावीस.

"कडेचा खांब गाळतेस तू," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

मला काय माहीत. ओट्याच्या टोकाला सासूबाई उन्हाला बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि डोक्याचा मफलर कानावर ओढून घेतला. तो मरून रंगाचाच आहे. आधी कितीतरी हिवाळे तो सासऱ्यांच्या गळ्यात होता, ते गेल्यापासून सासूबाईंच्या डोक्याला असतो. त्याला गोळे आलेत, रंग विटलाय. पण दोन्ही टोकं अजून सारखी आहेत. मी दर थंडीत एकदा तरी मोजते.

आमचं माहेर पेठ. पुणे-नाशिक रस्त्यावरचं गाव, त्यामुळे पाहुणे यायला सोपं आणि नकार देऊन जायलाही सोपं. त्या वर्षी दोन स्थळं पोहे खाऊन गेली होती. एकांनी कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही, दुसऱ्यांनी कळवलं, ते कळवलं नसतं तर बरं झालं असतं. माझ्या पाठीवर धाकटी होती. दादा, म्हणजे वडील, रात्रीची भाकरी अर्धी टाकून उठायचे. आई खोटारडी नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. ती घाबरलेली होती. घाबरलेलं माणूस हाताला येईल ते पुढं करतं.

तिच्या हाताला आला तो कमळआत्याचा रुमाल.

कमळआत्या आमच्या दारासमोर राहायची, बोळाच्या पलीकडे, म्हाताऱ्या वडिलांजवळ. लग्न होऊन दोन वर्षांत परत आलेली. का आली याच्या गावात चार कहाण्या होत्या आणि तिनं स्वतः एकही सांगितली नव्हती. "नांदत न्हाई" एवढ्या दोन शब्दांत गावानं तिचा निकाल लावून टाकला होता. टोपडी, तोरणं, रुमाल विणून ती पोट भरायची. कुणाच्या घरी शुभकार्य असलं की पुऱ्या लाटायला पहिली हाक तिला जायची आणि हळदीकुंकवाच्या वेळी मात्र तिची आठवण कुणालाच व्हायची नाही. आमच्या घरातही नाही. तेव्हा हे मला खटकत होतं असं म्हणून आज मोठेपणा घेणार नाही. मला ते दिसतच नव्हतं.

ओतूरजवळचे पाहुणे येणार म्हणून आईनं तिच्याकडून टीव्हीवर टाकायला क्रोशाचा रुमाल मागून आणला. पांढराशुभ्र, मधोमध चक्रीचं फूल, बत्तीस पाकळ्या एकाच अंगानं वळलेल्या. टीव्ही आमचा ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी दाराचा, पण त्या रुमालानं त्याची शान वाढली. कमळआत्या सकाळपासून आमच्या चुलीपाशी होती. पोह्यांची फोडणी तिचीच. पाहुण्यांची जीप दारात थांबली तशी आई तिला म्हणाली, "कमळ, आज जरा पुढं येऊ नको हां." ती म्हणाली, "न्हाई येत, वैनी." अगदी साध्या आवाजात म्हणाली.

मुलाची आई उंच, हडकुळी, चष्म्याच्या वरून बघणारी. सगळे पोहे खात होते आणि ती टीव्हीवरच्या रुमालावर बोट फिरवत होती. आईला वाटलं, हीच वेळ. "हिनंच केलंय," आई म्हणाली. "हिला लई नाद विणकामाचा." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला क्रोशाची सुई कशी धरतात हेसुद्धा माहीत नव्हतं. आत चुलीपाशी उलथनं वाजायचं थांबलं, ते मला ऐकू आलं. आईलाही आलं असेल.

मग रीतीप्रमाणे कागद-पेन आलं. नाव लिही, गाव लिही. मी लिहिलं, मंगल, पुढं दादांचं नाव, मुक्काम पोस्ट पेठ. अक्षर माझं बरं आहे. मुलाच्या आईनं कागद घेतला, पण ती अक्षराकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. का, ते कळायला मला महिना लागला. मुलाला विचारलं, तुला काही विचारायचंय का. त्यानं मान खाली घालून विचारलं, "पुढं शिकायचंय का?" मी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला होते, लग्न ठरलं की कॉलेज सुटणार हे धरून चालले होते. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "ओतूरला कॉलेज हाय. घरापास्नं चालत जाता येतं." बस्स, एवढंच बोलणं. त्या एका वाक्यावर मी मनानं तिकडे जाऊन राहिले. पोरींना वाटतं तेवढं अवघड नसतं हे.

चार दिवसांनी सावळेरामभाऊ आले. ते स्थळ त्यांनीच आणलेलं, दोन्हीकडचे पावणे. पसंती आली होती. आईनं देवापुढे साखर ठेवली. मग भाऊंनी पिशवीतून लोकरीच्या दोन मरून लडी काढल्या. "बाईंनी, म्हंजी पोराच्या आईनं, दिल्यात. मालकांना पहाटं पाणी धरायला जावं लागतं, खोकला धरतो. पोरीला विणकामाचा नाद हाय तर एक मफलर कर म्हणाव. साधा. नक्षीबिक्षी नगं. पौष लागायच्या आत सुपारी फोडू, तवा हातात द्यावा." आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवता ठेवता म्हणाले, "बाई तशी सोन्यासारखी. पर पारखून घेती राव. थोरल्याच्या वक्ताला ठरल्यालं मोडलं तिनं. पोरीचं वय दोन वर्सं चोरलं व्हतं, ते कळालं. खोटं तेवढं चालत न्हाई बघा तिला."

भाऊ गेले. आई आणि मी त्या लडींकडे बघत बसलो. लोकरीला डांबरगोळीचा वास येत होता.

आई तडक कमळआत्याकडे गेली आणि मी मागोमाग. आत्या दारात शेंगा फोडत होती. आईनं सगळं घडाघडा सांगितलं, रुमालाचं तर तिनं चुलीपाशी ऐकलंच होतं, आणि म्हणाली, "तूच करून दे. तुला काय, दोन दिवसांचं काम." कमळआत्यानं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "वैनी, तुमी रुमाल मागितला, मी दिला. आता हात मागताय. ते न्हाई द्यायची." आई रडली. चिडली. गावात तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं ते सांगितलं. आत्या शेंगा फोडत राहिली. आई निघून आली, मी तिथंच उभी राहिले.

"मला शिकव," मी म्हणाले.

"कशाला? लगीन ठरायला?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. निदान ते तरी खरं होतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुज्या आईनं खोटं सांगितलं ते सांगितलं. तू का गप ऱ्हायलीस?" मी खाली बसून तिच्या सुपातली टरफलं वेचायला लागले. मग सूप बाजूला सारत ती म्हणाली, "सकाळी ये. बराखीत. हितं नगं, बोळातून माणसं जात्यात."

बराख म्हणजे आमच्याकडे कांदा साठवायची जागा. थंडीपर्यंत कांदा विकून बराख रिकामी होते, खाली वाळकी टरफलं तेवढी उरतात. दोन्ही बाजूंच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत पडतात. तिथं पोत्यावर मी पहिल्यांदा सुई धरली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले तशी ती म्हणाली, "शेजारी न्हाई. म्होरं बस. माजा हात डावा हाय." मला हे माहीतच नव्हतं. एवढी वर्षं समोर राहत होती, तिच्या हातच्या पुऱ्या खाल्ल्या होत्या, आणि हात कुठला ते बघितलं नव्हतं. लहानपणी डाव्या हातानं जेवायला लागली की तिची आई हातावर उलथनं मारायची. जेवण उजव्या हातावर आलं, वाढणं आलं, लाटणं आलं. क्रोशा करताना कुणी बघत नव्हतं, म्हणून तो डाव्यातच राहिला. "आरशात बघून करत्यात तसं कर," ती म्हणाली. "मी करीन ते तू उजव्यानं कर."

साखळी दोन दिवसांत जमली. खांब जमायला चार दिवस. सुईवर धागा घ्यायचा, खालच्या ओळीच्या घरात, म्हणजे भोकात, घालायचा, ओढायचा, दोन-दोन करून सोडवायचा. तीस खांबांची एक ओळ. ओळ संपली की तीन साखळ्या घालून पलटायचं, आणि त्या तीन साखळ्या म्हणजेच पुढच्या ओळीचा पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्या साखळीच्या टोकात घालावा लागतो. नवशिकीला तो दिसतच नाही. तो खांबासारखा नसतोच मुळी, कडेला अंग चोरून उभा असतो. तिला वाटतं ओळ संपली. ती पलटते, एक खांब कमी होतो, पुढच्या ओळीला आणखी एक. काही दिसत नाही, काही टोचत नाही, आणि वीतभर झाल्यावर बघावं तर मफलर निमुळता.

पहिल्या वेळी माझे एकोणीस राहिले होते. कमळआत्यानं मोजले आणि धागा ओढला. सर्रकन सगळं उसवलं. माझा आठवड्याचा घाम तिच्या मांडीवर वळवळत पडला. मी रडले नाही, मला राग आला. "सांगायचं तरी," मी म्हणाले. ती म्हणाली, "सांगून कुणाला दिसलंय." दुसऱ्या वेळी पंचवीस राहिले, ते तिनं उसवलं. तिसऱ्या वेळी सव्वीस होते. ती सुईला तेल लावायला घरात गेली होती, मी स्वतःच ओढलं. ती परत आली, मांडीवरचा गुंता बघितला, आणि समोर बसली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला अर्धा पेरू दिला.

दिवस मात्र थांबत नव्हते. चंपाषष्ठी झाली. भरीत-भाकरीचा नैवेद्य झाला. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसायला आली आणि गेली. आई रोज संध्याकाळी पदराआडून विचारायची, "किती झाला?" आणि मी बोटानं दाखवायचे. ते बोट कधी लांब व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी आखूड. आईची झोप उडाली होती. एकदा ती चक्क म्हणाली, मंचरहून तयार आणू, कुणाला कळतंय. मी म्हणाले, ती बाई लोकर ओळखेल. रुमाल तसाच टीव्हीवर होता. परत द्यावा तर पाहुणे अचानक आले तर काय दाखवणार, आणि ठेवावा तर आईला त्याच्याकडे बघवेना. बातम्यासुद्धा ती तोंड फिरवून ऐकायची.

आणि अचानक आलेच. पाहुणे नाहीत, सावळेरामभाऊ. राजगुरुनगरला निघाले होते, मध्येच पेठला उतरले. मी ओट्यावर होते, मफलर मांडीवर, लपवायला वेळ मिळाला नाही. "चालू द्या तुमचं काम," म्हणत ते समोर खाटेवर बसले. "बाई इचारत व्हत्या, कुठवर आलाय. बघून सांगतो." मी सुई उचलली आणि मला काही सुचेना. समोर आत्या नव्हती. माझे हात तिच्या हातांकडे बघूनच चालायला शिकले होते, त्यांना एकट्यानं काहीच येत नव्हतं. धागा सुईवर घेतला, कुठल्या घरात घालायचा ते आठवेना. भाऊ चहा फुंकत माझ्या हाताकडे बघत होते. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मी डोळे वर केले. बोळाच्या पलीकडे कमळआत्या तिच्या दारात येऊन बसली होती. कधी आली माहीत नाही. तिनं कमरेच्या कडोसरीतली सुई काढली, कुठलासा पांढरा धागा घेतला, आणि हळूहळू, एकेक खांब मोठा करून घालायला लागली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिचा डावा हात बघितला आणि माझा उजवा हलला. तिनं ओळ संपवली, तीन साखळ्या घातल्या, काम पलटलं. मीही पलटलं. परत येताना कडेला आल्यावर ती थांबली. अगदी जरासं. मी त्या साखळीच्या टोकात सुई घातली.

"झ्याक," भाऊ म्हणाले. "लई झ्याक. सांगतो बाईला." एसटी आली, ते गेले. मी समोर बघितलं तर आत्याचं दार बंद होतं.

त्यानंतरही मी दोनदा उसवलं. एकूण पाच वेळा. शेवटचा मफलर सुपारीच्या आदल्या दिवशी दुपारी पुरा झाला. तीसचे तीस. मध्ये एका ओळीत एक खांब कमी होता, पुढच्या ओळीत मी तो भरून काढला होता, तेवढं सोडून. त्याच दुपारी मी आत्याला विचारलं, "तुला अजून राग आहे का माझा?" ती म्हणाली, "लोकर गुंडाळून ठेव, मांजर वढतंय."

सुपारीच्या दिवशी बाहेरच्या खोलीत पुरुष, मधल्या घरात बायका. आत चुलीपाशी कमळआत्या पुऱ्या लाटत होती. टीव्ही मधल्या घराच्या दाराशीच, रुमाल त्यावर. मी ताटातून मफलर पुढं केला. मुलाच्या आईनं तो हातात घेतला, दोन्ही टोकं एकावर एक ठेवली, आणि नखानं मोजायला लागल्या. ओठ हलत होते. मीही मनात मोजत होते. तीस. दुसरं टोक, तीस. मग त्यांचा अंगठा मफलरच्या पोटावरून फिरत फिरत नेमका त्या एका ओळीवर थांबला.

"हितं एक कमी हाय."

"हो," मी म्हणाले.

"लोकर उसवल्याली दिसती. किती बार?"

"पाच."

त्यांनी मान हलवली. "हा तुझाच हाय," त्या म्हणाल्या. आईनं सुस्कारा सोडला, तो मला मागून मानेवर लागला. आणि त्याच आवाजात, आवाज जराही न चढवता, त्या म्हणाल्या, "आता त्यो रुमाल कुणाचा ते सांग."

आई म्हणाली, "अहो, तिचाच..." त्यांनी हात वर केला. "बाई, मी बी चाळीस वर्सं क्रोशा करती. ही चक्री उलट्या अंगानं फिरलीय. डावऱ्या हाताची हाय. पोरीनं नाव उजव्या हातानं लिव्हलं, मी बघितलं." मग माझ्याकडे वळून, "तू सांग."

थोरल्याच्या वेळी मोडलं होतं हे मला आठवत होतं. ओतूरचं कॉलेज आठवत होतं. दादा बाहेर हसत कुणाला तरी पान देत होते, ते ऐकू येत होतं. मी म्हणाले, "शेजारच्यांचा आहे."

"नाव न्हाई का त्यास्नी?"

आतलं लाटणं थांबलं होतं. कधीपासून थांबलं होतं कोण जाणे. महिनाभर मी तिच्या समोर बसले होते, आणि तोंडातून आलं ते 'शेजारच्यांचा'. मला एवढी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही फारशी नाही.

"कमळआत्या," मी म्हणाले. "तिचा रुमाल आहे. मला काही येत नव्हतं, मफलर तिनंच शिकवला. आत आहे ती. पुऱ्या लाटतीय."

"आत? मग हितं का न्हाई?"

सासूबाई उठल्या, म्हणजे तेव्हा अजून सासूबाई नव्हत्या, आणि होतील अशी आशाही मी सोडली होती, त्या उठल्या आणि आत गेल्या. मागं दार लोटून घेतलं. बाहेर सावळेरामभाऊंनी हाक दिली, चला, वेळ टळतीय. दादांनी आत डोकावून आईला खुणेनं विचारलं, काय झालं. आईनं पदराचा बोळा तोंडात धरलेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आतून नुसती कुजबुज. मी त्या रुमालाच्या पाकळ्या मोजत होते, बत्तीस झाल्या की पुन्हा एकपासून. मग आतून लाटण्याचा आवाज सुरू झाला. एक नाही, दोन लाटण्यांचा.

दार उघडलं. सासूबाईंचे हात कोपरापर्यंत पिठाचे होते. त्या बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "फोडा सुपारी."

आईनं दुसऱ्या दिवशी रुमाल धुतला, इस्त्री केला, घडीत नारळ ठेवला आणि बोळ ओलांडून देऊन आली. काय बोलली माहीत नाही, आमच्या आईला माफीचे शब्द येत नाहीत. पण त्या संक्रांतीला कमळआत्या आमच्या घरी हळदीकुंकवाला होती, आणि आईनं तिला पाटावर बसवलं. दोन बायका वाण न घेता उठून गेल्या. आईनं त्यांना थांबवलं नाही.

लग्नाच्या आठ दिवस आधी आत्या तोच रुमाल माझ्या रुखवतासाठी घेऊन आली. "ने," म्हणाली. "पर माजा म्हणून ने." रुखवतात मांडतात त्या सगळ्या वस्तूंवर नवरीचं नाव असतं, केलेल्या मावशा-काकूंनी असतात, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मी चिठ्ठी घेतली आणि अडले. कमळ लिहिलं, पुढं नवऱ्याचं नाव लिहू की बापाचं? तिलाच विचारलं. ती म्हणाली, "नुसतं कमळ लिव. तेवढंच माजं हाय." मी लिहिलं. मांडवात वऱ्हाडातल्या बायका विचारत होत्या, ही कमळ कोण हो? आणि मांडवाच्या खांबाला टेकून ती ऐकत उभी होती.

आता तिला मोतीबिंदू झालाय. बारीक काम सोडलं, जाड लोकर तेवढी विणते. बी. ए. मी ओतूरलाच केलं, पुढं इथंच नोकरी लागली. हे सगळं त्या तीस खांबांवर उभं आहे असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण थंडी पडली की मला तसंच वाटतं.

तर परवा, ऋतुजाला मी समोर बसवलं. शेजारी नाही, समोर. मी उजव्यानं, ती डाव्यानं. शाळेतल्या बाईंना जे जमलं नाही ते मला जमत होतं, कारण मी डाव्या हाताकडूनच शिकलेली. पोरीची सुई चालायला लागली. ओट्याच्या टोकाला सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना मी एवढ्या वर्षांत कितीदा विचारलं असेल, त्या दिवशी आत काय बोललात? कमळआत्यालाही विचारलं. दोघींनीही दाद लागू दिली नव्हती. आणि परवा त्या आपणहून बोलल्या, शेंगांवरची नजर न काढता.

"मी तिला इचारलं, तुमच्या कामावर दुसरीचं नाव लावलं, राग न्हाई आला? म्हणली, आला. अजून हाय."

माझी सुई थांबली. खोटं कशाला बोलू, मला ते माहीत होतं.

"मग मी म्हणलं, आता तुमीच सांगा, पोरगी नेऊ का नगं. तुमी म्हणाल तसं. दोन पुऱ्या लाटल्या. मग म्हणली, 'पोरगी उसवायला लाजत न्हाई. घिऊन जावा.'" सासूबाईंनी शेंग फोडली. "वर म्हणली, 'तिला सांगू नगा. शेफारंल.'"

ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. ऋतुजानं आपलं काम माझ्यासमोर धरलं, कडेपासून कडेपर्यंत बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं.

"आई, एकोणतीस. आता?"

मी धाग्याचं टोक तिच्या हातात दिलं.

"ओढ," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ओढलं.